मंडपवाल्याचं बोचकं

‘तुझी आई कशी हाय?’

चौदा वर्षांनी समोर येऊन उभ्या राहिलेल्या मुलीला आप्पांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कोण ते त्यांना सांगावं लागलं नाही. कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून ते फुटपाथवर बसले होते. अंगात कुणाचा तरी उतरलेला स्वेटर, पायाशी चादरीत बांधलेलं एक बोचकं. जानेवारीचं ऊन नुकतंच त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

‘बरी आहे,’ मी म्हणाले.

आई जाऊन सोळा दिवस झाले होते.

हे खोटं मी घरातून ठरवून निघाले होते. गडहिंग्लजचं आमचं दोन खोल्यांचं घर आप्पांच्या नावावर होतं. आई होती तोवर त्यावर कुणी बोललं नाही. तेराव्याच्या पत्रावळी उचलल्या गेल्या आणि दत्तूकाका, आप्पांचे धाकटे भाऊ, ओसरीवर पान लावत म्हणाले की भाऊ परागंदा, आहे का गेला ते देवाला ठाऊक, तेव्हा घराचं बघायला आता मीच. महिनाअखेरीला माझ्या धाकट्या मुलाचं बिऱ्हाड इकडे आणतो, तू तुझं काहीतरी बघ. मी एकतीस वर्षांची होते. नगर वाचनालयात ग्रंथपाल होते. मंडपवाल्याची पोर म्हणून मला कुणी मागणी घातली नव्हती, आणि त्या दोन खोल्यांखेरीज मला बघायला दुसरं काही नव्हतं.

हुक्केरी वकील म्हणाले, वडील स्वतः येऊन तुमच्या नावे बक्षीसपत्र करून देत असतील तर काकांना तोंड उघडायला जागा उरणार नाही. पण माणूस समोर उभा पाहिजे.

माणूस कुठे आहे ते मला माहीत होतं. आईनं शेवटच्या आठवड्यात सांगितलं होतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी आम्ही कोल्हापूरला यायचो. मी औषधांच्या रांगेत असताना ती हवा खायला म्हणून बाहेर जाऊन बसायची. तिथं तिला ते दिसले होते, एवढं ती बोलली. माझ्यासाठी त्यांनी सही केलीच असती असं मला वाटत नव्हतं. आईसाठी केली असती. म्हणून आईला अजून एक दिवस जिवंत ठेवायचं होतं.

‘आईनं पाठवलंय,’ मी म्हणाले. ‘घर माझ्या नावावर करायचं आहे. आज बुधवार, दुपारी दीडची वेळ घेतली आहे. सही करून संध्याकाळी परत येता येईल.’

‘तिनं पाठवलंय,’ ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

पलीकडे तीन दगडांवर पातेलं ठेवून एक बाई बसली होती. पेशंटच्या नातेवाइकांना ती बाटल्यांतून गरम पाणी विकायची. तिला सगळे गौराक्का म्हणत. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘लेक व्हय ही तुमची? शिकलेली दिसती. चौदा वर्सांत पत्ता घावला न्हाई वाटतं हिला.’

तिला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिच्या तुटक बोलण्यातून मला कळलं ते असं, की या भिंतीलगत गावोगावच्या पेशंटची माणसं दिवसचे दिवस पडून असतात, आणि माझे वडील त्यांना थंडीदवात आडोसा म्हणून ताडपत्र्या बांधून देतात. सकाळी महापालिकेची गाडी येऊन सगळं ओढून पाडते. हे परत बांधतात. कुणाकडून चहाही घेत नाहीत.

‘पर सवताची ताडपत्री बांधनात आता,’ ती म्हणाली. ‘पंधरा दीस झालं, बोचकं बांधून त्याच्यावर डोकं ठिऊन पडत्यात. इचारलं तर म्हनत्यात, जायाचं हाय.’

मला वाटलं, गाडीच्या भीतीनं बांधून ठेवलं असेल. रस्त्यावर राहणाऱ्यांचं असं काही असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

बोचक्याची गाठ मात्र मी ओळखली. चारी कोपरे एकत्र घेऊन वरून सुंभाचे दोन वेढे, शेपूट आत खोचलेलं. आप्पांची मंडपाची गाठ. वादळात हलायची नाही आणि बरोबर ते टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी व्हायची. लहानपणी मंडप उतरवताना ते मला खांद्यावर घ्यायचे आणि शेपटं मी ओढायची. कनात पाण्यासारखी खाली यायची.

‘ते कशाला घेताय?’ ते बोचकं उचलू लागले तेव्हा मी विचारलं. ‘संध्याकाळी इथंच यायचं आहे.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोचकं काखेत मारलं.

‘ऱ्हाऊ दे. हितं चोरीला जातंय.’

गौराक्कानं पातेल्यावरचं झाकण जरा जोरात ठेवलं.

बसमध्ये त्यांनी खिडकी घेतली. बोचकं मांडीवर. कंडक्टरनं त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी दोन तिकिटं मागितल्यावरच त्यानं तिकिटाचा पंच उचलला. कागल येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

मला त्यांच्याशी बोलायचं काही नव्हतं असं नाही. मी सतरा वर्षांची असताना त्यांनी घातलेला लग्नाचा मंडप जेवणाच्या पंगतीवर कोसळला होता. एकाच दिवशी दोन गावांचे मंडप घेतले होते. त्या गावात खाली कातळ लागला, तर खड्डे वीतभरच खणून ते पुढच्या गावच्या घाईला लागले. वळवाचा वारा सुटला. गाठ एकही सुटली नाही. सुटली असती तर एखादी बाजू गेली असती. गाठी धरून राहिल्या आणि खांब मुळासकट वर आले. नवरदेवाची आजी आणि एक वाढपी बाई गेली. पोलिसांनी वादळ लिहून घेतलं. गावानं नाही. आप्पा मंडपाच्या जागेवरून जे चालायला लागले ते घरी आलेच नाहीत. घरी माणसं आली. आईनं दार उघडलं, मला आत ढकललं आणि बाहेरून कडी लावून स्वतः उंबऱ्यावर बसली. शिव्या, माती आणि एक दगड तिनं एकटीनं घेतला. भुवईवरची खूण शेवटपर्यंत होती. तिरडीवर ठेवताना मी तिथंच कुंकू लावलं.

निपाणी मागे पडल्यावर ते म्हणाले, ‘बुधवार-शनवार यायची दवाखान्यात. तीन आठवडं झालं दिसली न्हाई.’

‘आता जवळच सोय झाली आहे. संकेश्वरला.’

हे मला आयत्या वेळी सुचलं. सुचलं याचा आनंदही झाला.

‘हां,’ ते म्हणाले. ‘बरं झालं. एवढा परवास सोसायचा न्हाई तिला.’

मग परसातल्या पेरूचं विचारलं. मी सांगितलं, तोडला. मोरीचा पत्रा गळतो काय? मी म्हटलं, आईनं स्वतः वर चढून बसवला, तुमच्या मंडपाच्या शिडीवरून, मी खाली धरून होते. त्यांनी मान हलवली, जसं काही मी त्यांना एखादी साधी बातमी दिली. मला ते आवडलं नाही. त्यांनी खाली पाहावं, डोळ्यांना रुमाल लावावा, काहीतरी करावं, असं मला वाटत होतं. म्हणजे मला त्यांचा तिरस्कार करता आला असता.

संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ते उठलेच.

‘आज बुधवार न्हवं? असंल की हितंच. उतरूया. बगून जाऊ.’

बोचकं त्यांच्या काखेत होतं. पलीकडच्या सीटवरची बाई वाट द्यायला पाय आवरून बसली.

‘बसा,’ मी म्हणाले.

‘लांब हाय का दवाखाना?’

‘आज नाही तिचं. वार बदललेत. उद्या आहे.’

‘गुरवारी?’

‘हो.’

ते उभेच राहिले. माझ्या तोंडाकडे इतका वेळ पाहत राहिले की मला खिडकीबाहेर पाहावं लागलं. बाहेर एक माणूस गाडीवर चिरमुरे भाजत होता. ड्रायव्हरनं बस मागे घेतली तसे ते धक्क्यानं खाली बसले.

‘गुरवार तिचा उपासाचा,’ ते म्हणाले. ‘पोटात काय नसताना सुई टोचत्यात व्हय?’

चौदा वर्षं ज्यानं विचारलं नाही त्याला आज एका दिवसात सगळं हवं होतं. आई कुठल्या वारी उपाशी राहते हे या माणसाला पाठ असावं, याचा मला राग आला होता.

गडहिंग्लजला उतरल्यावर त्यांचे पाय आपोआप आमच्या गल्लीकडे वळले. मी म्हटलं, ऑफिस इकडे. ते वळले. रस्त्यात दोघं-तिघं थांबून पाहत होते. जुन्या मेडिकलवाल्यानं काउंटरवरून मान बाहेर काढली आणि परत आत घेतली.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हुक्केरी वकील दोन साक्षीदार घेऊन थांबले होते. वकिलांना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आईचा विषय काढू नका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं आणि ‘तुमचा घरचा प्रश्न,’ म्हणाले होते. ओळखीसाठी मी आप्पांचं जुनं निवडणूक कार्ड नेलं होतं. ते आईच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं सापडलं. रेशनकार्डही होतं. त्यावरचं त्यांचं नाव आईनं कधी कमी केलं नव्हतं. मी दोनदा अर्ज लिहून दिला होता, दोन्ही वेळा तिनं तो चुलीत घातला.

निबंधकसाहेबांनी कार्डावरचा फोटो पाहिला. भरल्या गालांचा, मिशीवाला, टोपी तिरकी घातलेला माणूस. मग समोर पाहिलं.

‘हे तेच कशावरून?’

‘मी वसंत रामू टिपुगडे,’ आप्पा म्हणाले.

‘ते कुणीही सांगेल हो. बाई, तुम्ही कोण यांच्या?’

खोलीत पंखा बंद होता. साक्षीदार, वकील, दाराशी पुढच्या नंबराची माणसं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

‘हे माझे वडील आहेत,’ मी म्हणाले.

चौदा वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. कॉलेजच्या फॉर्मवर, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडे मी त्या जागी रेघ मारत आले होते. आप्पांनी बोचकं या काखेतून त्या काखेत घेतलं.

‘राहतात कुठे?’

‘घरीच,’ वकील पटकन म्हणाले. ‘दस्तात पत्ता दिलाय, साहेब.’

साहेबांनी पानं उलटली. आप्पांना विचारलं, दस्त वाचला का, समजला का, कुणी दमदाटी तर केली नाही. त्यांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

‘बायकोचं काय म्हणणं? तिची काही तक्रार नाही ना नंतर?’

आप्पा म्हणाले, ‘हिला इचारा.’

आणि माझ्याकडे वळून थांबले. घाई अशी नव्हती त्यांना. संकेश्वरला थांबले होते तसेच थांबले.

‘आईचीच इच्छा आहे,’ मी म्हणाले.

अंगठा घेतला, फोटो घेतला. फोटो काढणाऱ्या मुलीनं सांगितलं, बाबा, ते खाली ठेवा जरा, तर त्यांनी बोचकं खाली ठेवलं पण त्याच्यावर पाय टेकवून धरला. सही त्यांनी मोठ्या अक्षरांत केली, मंडपाच्या पावतीवर करायचे तशी, शेवटी एक आडवी रेघ ओढून.

‘मिळकतीचा कब्जा दिला आहे, असं लिहिलंय,’ साहेब शेवटचं पान वाचत म्हणाले. ‘दिलाय ना?’

‘द्यायचा हाय अजून,’ आप्पा म्हणाले.

वकील हसले. ‘मुलगीच राहते साहेब तिथं. ते नुसतं लिहायचं असतं.’

साहेबांनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर वकील आणि साक्षीदार गेले. काम झालं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. मी त्यांना स्टँडवर नेलं. चहा घेता का विचारलं, ते नको म्हणाले. कोल्हापूरची बस फलाटाला लागलेलीच होती, सुटायला दहा मिनिटं होती. ती बस बघून ते थांबले.

‘ही माझी?’

‘हो. अंधार पडायच्या आत पोचाल.’

‘घरी न्हाई जायचं.’

मला वाटलं ते विचारताहेत. म्हणून मी कारण सांगू लागले. आईला आता जास्त माणसं सोसत नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या महिन्यात बघू. ते ऐकत राहिले. मी थांबल्यावर बाकड्यावर बसले.

‘सकाळधरनं तुला इचारतोय,’ ते म्हणाले. ‘किती येळा इचारायचं मानसानं?’

मी बसच्या पाटीकडे पाहू लागले.

‘बुधवारी आली न्हाई, शनवारी न्हाई, परत बुधवारी न्हाई. तवाच कळलं मला. आनि तिनं सांगूनच ठिवलं हुतं. म्हनली, मी हाय तोवर शैला यायची न्हाई. मी गेल्यावर यील. तुमास्नी न्यायला यील.’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘तू आज सकाळी म्होरं हुबी ऱ्हायलीस, तितंच पक्कं झालं, तुजी आई, माजी इंदू, गेली. म्या म्हनलं, पोरगी सांगंल. बसमदी सांगंल. संकेसवरला सांगंल. सायबाम्होरं तरी सांगंल.’

‘तुम्हाला माहीत होतं तर सही का केली?’

‘तुला पायजे हुती म्हनून.’

आईनं मला ठिकाण सांगितलं तेव्हा ती एवढंच बोलली नव्हती. तिला धाप लागत होती, तरी तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला असतात, ती म्हणाली, त्यांना घरी आण. मी म्हटलं होतं, आणते. आणते म्हटल्यावर तिनं मनगट सोडलं.

मी आता काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ‘आई…’ एवढाच शब्द आला.

‘ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले. ‘आता म्या इचारत न्हाई.’

ते शब्द त्यांनी मला सोडवण्यासाठी म्हटले असावेत असं पुढे काही वर्षं मी स्वतःला समजावलं. तसं नव्हतं. ते माझ्याकडे पाहत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माया नव्हती. एखाद्या खड्ड्याची खोली बघावी तसं ते बघत होते.

मग त्यांनी बोचकं मांडीवर घेतलं, खोचलेलं शेपूट बोटानं शोधलं आणि ओढलं. चारी कोपरे एकदम गळून पडले. आत एक धुतलेलं धोतर होतं, घडी घातलेला सदरा, टोपी, आईच्या जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला आरसा. सगळं नवं नव्हतं पण स्वच्छ होतं. घरी जायला निघालेल्या माणसाचं सामान. टोपीच्या घडीतून त्यांनी सुतळीत ओवलेली किल्ली काढली आणि बाकड्यावर माझ्या बाजूला ठेवली.

‘तुजी यायची खात्री नव्हती तिला बी. म्हनली, न्हाई आली तर ही घ्या आनि सरळ दार उघडून आत जावा. तुमचंच घर हाय.’ त्यांनी किल्ली बोटानं माझ्याकडे सरकवली. ‘म्या न्हाई गेलो. बलवल्याबिगर जायाचं माजं त्वांड न्हवतं. हां. हा घे कब्जा.’

ती आईच्या कमरेची किल्ली होती. शेवटच्या वेळी दवाखान्यातून निघताना ती नाहीशी झाली होती, आणि मी वॉर्डातल्या एका आयाबाईवर चोरीचा आळ घेऊन तिला सगळ्यांदेखत रडवलं होतं. आई कॉटवर पडून हे ऐकत होती आणि गप्प राहिली होती.

कंडक्टरनं बेल मारली. आप्पांनी सामान पुन्हा गोळा केलं, पण गाठ मारली नाही. नुसते चार कोपरे मुठीत धरले आणि चढले. बस वळली तेव्हा ते दुसऱ्या बाजूला बसले होते, मला दिसले नाहीत.

मी फाल्गुनात कोल्हापूरला गेले. भिंतीलगत लोखंडी कुंपण घातलं होतं. गौराक्का कोपऱ्यावर सरकली होती. तिनं मला ओळखलं, पातेल्याखालचं लाकूड आत सारलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली. पुढेही मी दोन-तीनदा गेले. तिनं मला कधी काही सांगितलं नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. घर माझ्या नावावर आहे. दत्तूकाका परत आले नाहीत. रेशनकार्डावर पहिलं नाव अजून आप्पांचंच आहे. किल्ली ट्रंकेत, निवडणूक कार्डाच्या पिशवीत आहे.

ती कशालाच लागत नाही. आई गेल्यावर चौथ्या दिवशी, काकांच्या भीतीनं, मी दाराचं कुलूप बदललं होतं. त्या दिवशी स्टँडवर, किल्ली माझ्याकडे सरकवणाऱ्या माणसाला, मी तेही सांगितलं नाही.